हिरव्या बरोबरच्या खुणा

बाई, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते मला नीट सांगता यायचं नाही, पण तुमच्या मिश्रीचा वास अजून आठवतो. रागावू नका. मधल्या सुट्टीत तुम्ही शाळेमागे तोंड फिरवून मिश्री लावायच्या आणि घंटा झाली की आम्हाला दात स्वच्छ ठेवायचं महत्त्व सांगायच्या, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी तुमची नक्कल करायचे, तेही तुम्हाला माहीत असणार. आता सत्तरी आली, दिल्लीत मयूर विहारला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, पण ती खोड काही गेली नाही. खालच्या भाजीवाल्याला त्याच्याच आवाजात भाव सांगते. तो म्हणतो, "आंटी, आप बहुत बदमाश हो." बिल्कुल, म्हणते मी.

वांग्याच्या रोपांचं आठवतं का तुम्हाला? शाळेमागच्या वाफ्याला पाणी घालायची पाळी आठवडाभर माझी होती. तुम्ही रोज विचारायच्या, पाणी घातलंस का गं, आणि मी हो म्हणायचे, कारण विहीर लांब होती आणि हो म्हणायला कुठे जावं लागत नव्हतं. शनिवारी तुम्ही मनगट धरून मला वाफ्यापाशी नेलंत आणि वाळलेलं एकेक रोप माझ्याच हाताने उपटायला लावलंत. मारलं नाहीत. 'मी न केलेलं काम केलं म्हणणार नाही', हे पन्नास वेळा लिहून आण म्हणालात. मी शहाणी. मी उभं लिहिलं. आधी खाली खाली पन्नास 'मी', मग पन्नास 'न', मग पन्नास 'केलेलं'. हात भराभर चालतो आणि डोकं लागत नाही. शेवटच्या शब्दाशी आले आणि आईने जेवायला हाक मारली, तो राहूनच गेला. सोमवारी तुम्ही वही मोठ्याने वाचलीत. 'मी न केलेलं काम केलं म्हणणार.' वर्ग हसला, मीपण हसले. तुम्ही नाही हसलात. "यातली एक तरी ओळ तू वाचलीस का?" एवढंच विचारलंत. शाळा सुटल्यावर मला थांबवलंत आणि पन्नास ओळींपुढे पन्नास 'नाही' लिहून होईपर्यंत शेजारी बसून राहिलात. मिश्रीची डबी तुमच्या मांडीवर होती, पण उघडली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, रोज सकाळी एक, चुकवायची नाही. मुलगी गाझियाबादला असते, नोकरी करते. तिने आमच्या फोनात नेटवरची एक यादी टाकून दिली, फुकट मिळते ती. म्हणाली, "आई, सगळं घातलंय बघ. बाबांची गोळी, दूध, गॅसचा नंबर लावणं, कुंड्यांना पाणी. काम झालं की गोलावर टिक कर, मला माझ्या फोनवर दिसेल."

"आणि नाही केली तर?"

"तर वाजत राहील."

"म्हणजे तुझ्यावर गेलंय."

"आई, यार. जरा सीरियस हो ना."

हे सोफ्यावरून म्हणाले, "राहू दे गं. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, मी गोळी घेतली का असं एका साहेबाने विचारलं नाही."

ती टिक म्हणते त्याला मी बरोबरची खूण म्हणते, तुम्ही लाल पेनाने द्यायच्या तशीच, फक्त हिरवी. पण बाई, ते फार वाजायचं. दर दहा मिनिटांनी टुण्ण. मग मला खाली एक बटण सापडलं, 'सब हो गया'. ते दाबलं की सगळी यादी एका दमात हिरवी. रोज सकाळी सहाला चहा उकळत असताना मी ते दाबायचे आणि मग दिवसभर निवांत कामं करायचे. बहुतेक व्हायचीही. मला त्यात खोटं काही वाटलं नाही. ते आपलं उभं लिहिणं होतं.

गोळ्यांचं पाकीट संपलं तेव्हा 'नवीन गोळ्या आणणे' हेही यादीत होतं आणि तेही रोज सहाला हिरवं होत होतं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, केमिस्टकडे जाऊन या. ह्यांचा गुडघा दुखत होता. म्हणाले, "उद्या आणू. फोनमध्ये तर मी घेतलीच आहे." आम्ही दोघं हसलो. दुसऱ्या दिवशी मी विसरले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या सकाळी हे पेपर वाचत बसलेत, हातातला कप सुटतो, मी ओरडते, आणि हे माझ्याकडे बघतात तर अर्धं तोंड खाली आलेलं.

मुलगी परस्पर हॉस्पिटलात आली. डॉक्टरीण तरुण होती. तिने विचारलं, "खून पतला करने वाली गोली आख़िरी बार कब ली?" मी तोंड उघडायच्या आत मुलीने फोन पुढे धरला. "आज सुबह, छह बजकर दस मिनट पर. एक दिन भी मिस नहीं हुई, देखिए. मम्मी सब देखती हैं."

डॉक्टरणीने फोन बघितला, मग मला बघितलं. "पक्का, आंटी?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, हो.

"फिर नस खोलने वाला इंजेक्शन नहीं दे सकते," ती म्हणाली. "ब्लीडिंग हो जाएगी."

हिंदी मला चांगली कळते, बाई. तेव्हाही कळली. ती वळून गेली, दाराशी कुणाशी तरी बोलली, तेवढ्या वेळात हाक मारता आली असती. मी ह्यांच्या पायावरची चादर नीट केली. नऊ दिवस हे होते, एक शब्द बोलले नाहीत. इंजेक्शनने वाचले असते का, ते कुणी सांगू शकत नाही. मी विचारलंही नाही. विचारायचं तर आधी बाकीचं सांगावं लागलं असतं.

तेराव्याला मुलगी नातेवाइकांना फोन दाखवत फिरत होती. आईने एक दिवस चुकवला नाही, म्हणत होती, आणि बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्या यादीत मागच्या तारखेला जाता येतं. मी जाते कधीकधी. त्या सकाळची खूण तिथे हिरवीगार आहे. बोट लावलं की ती जाते आणि मुलीच्या फोनवर वाजतं, एवढं सोपं आहे. मी बोट वर धरून बसते आणि मग फोन पालथा ठेवते.

आता यादी माझ्या नावाने आहे. माझी बीपीची गोळी, फिरणं, पाणी, आणि 'रोज एक पान लिहिणे', कारण आई फार गप्प झाली असं मुलीला वाटतं. चार महिने ते रोज हिरवं आहे. काल ती म्हणाली, रविवारी येते, काय काय लिहिलंस ते वाचून दाखव. म्हणून आज वही उघडली. हे पहिलंच पान.

हे तिला दाखवायची नाही. मसाल्याच्या डब्याखालच्या कागदात घालून ठेवते, आणि रविवारसाठी दुसरं लिहिते, तुमच्या मिश्रीचं, तिला हसू येईल. आणि बाई, आज सकाळीही चहा उकळताना मी ते बटण दाबलं. माझी गोळी फोनमध्ये घेतलेली आहे. डबीत अजून तशीच आहे.