सनाची बाटली

गुरुवार, संध्याकाळ

सनाची बाटली पर्समध्ये लपवून घरी आणलीय. का, ते मलाच कळत नाहीये. आत हिरवट पाणी, वर तेलाचा तवंग.

शाश्वत विकासाच्या तासाला मीच वर्गाला बजावलं होतं, प्रकल्प नेटवरून उतरवू नका, आपल्या आसपासचं पाणी तपासा. सनाने तिच्या अब्बांच्याच चाकणमधल्या, धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंग वर्कशॉपमागचं आणलं. आणि उद्या प्रकल्प बघायला परीक्षक म्हणून ज्या कंपनीचे साहेब येणार, अब्बा त्यांचंच जॉबवर्क करतात. काम गेलं म्हणजे?

दुपारी तिला म्हटलं, "अगं, दुसरीकडचं आण."

"अब्बांनीच भरून दिलंय, मॅडम. म्हणाले, बघ तरी किती खराब आहे ते." मग थांबून, "नाहीतर आपल्या हॉस्टेलमागचं आणू? तिथला सांडपाण्याचा प्लांट बंदच असतो."

"नको!" ओरडलेच मी. अब्बांची काळजी दिवसभर पोखरत होती, पण हा 'नको' कसा पटकन निघाला! प्राचार्य दिसले डोळ्यांसमोर, दुसरं काय.

"मग कुणाचं चालेल, मॅडम?"

मी बाटली तिच्या हातातून घेतली, पर्समध्ये टाकली.

आत्ता उठले, बेसिनमध्ये ओतून टाकावं, विषय संपेल. झाकण उघडलंसुद्धा. मग वाटलं, इथून हे जाणार कुठे?

झाकण पुन्हा घट्ट लावलंय.