कात्रिन सांगलीला जाणार नाही

५ मे, रविवार
सांगलीहून क्षमाबाईंचा फोन. एकोणीस तारखेला कात्रिनला न्यायला येतो म्हणाल्या. मी ओके म्हणालो. प्रत्यक्षात कात्रिन जाणार नाही. शेवटचे दोन आठवडे मला इथेच राहायचंय, असं ती स्वतः सांगेल. मग मी थोडे आढेवेढे घेऊन परवानगी देईन. आढेवेढे किती घ्यायचे तेवढं ठरवायचं आहे.

रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो. कात्रिन, वय सतरा, देश इस्टोनिया. लोकसंख्या आपल्या सातारा जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही. साताऱ्याच्या क्लबतर्फे वर्षभरासाठी स्टुडंट एक्स्चेंजवर आलेली. वर्षात तीन घरांत राहायचं असा नियम. तिसरं घर सांगलीच्या क्षमाबाईंचं. दुसऱ्या घरच्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं, तेव्हा क्लबचा सेक्रेटरी, म्हणजे माझा पुतण्या ऋषिराज, घाम पुसत आमच्या गावात आला. पंधरा दिवस सांभाळा म्हणाला. त्याला आता चार महिने झाले. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे शिस्त लावायला घरात तोवर कोणी मिळालं नव्हतं.

निरोपाची चिंता नाही. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. दर सुट्टी संपली की याच दारातून निघालो, एकदाही डोळ्यांत पाणी आलं नाही. निरोप हा माझा विषय आहे.

७ मे, मंगळवार
मतदान. कात्रिनलाही बोटाला शाई हवी होती. केंद्रावरच्या अधिकाऱ्याला मी इंग्रजीत समजावून सांगितलं. तो मराठीत नाही म्हणाला. परत येताना कात्रिन आमच्या हिला म्हणाली, आई, लय कडक माणूस हाय. मराठी तिने हिच्याकडूनच उचलली आहे, त्यामुळे अशी बोलते. माझ्याशी मात्र इंग्रजीत. माझं इंग्रजी तिला पूर्ण समजतं. फक्त नंतर स्वयंपाकघरात जाऊन ती हिला विचारते, सुभेदार काय म्हनले?

८ मे
उद्यापासून कात्रिनची पहाटेची पीटी पुन्हा सुरू.

९ मे
उठली नाही. तिच्या खिडकीखाली मी एकट्याने पीटी केली, आवाज मोठा ठेवून. ही बाहेर आली आणि म्हणाली, आवं, पोरीला झोपू द्या, म्हशी बुजाय लागल्यात.

११ मे
विहिरीवर नेलं. पोहायला शिकवायचा विचार होता. पाठीला बांधायचा डबाही घेतला होता. मी सूचना देत असतानाच तिने वरून उडी टाकली. बराच वेळ वर आली नाही. मी सदरा काढला. तेवढ्यात पलीकडच्या पायरीवर बसून हात हलवताना दिसली. आमच्याकडे समुद्र गोठतो, हे पाणी चहासारखं आहे म्हणाली. मी पाण्यात उतरलो नाही. काठावर सुपरव्हिजनला कोणीतरी लागतंच.

परत येताना वाटलं, इथेच राहू का म्हणून आता विचारेल. विचारलं नाही. पोहून दमली असणार.

१३ मे
धुळा गवंड्याला बोलावून कमोड बसवायला घेतला. धुळा म्हणाला, आन्ना, चार महिनं पोरगी तसंच जात हुती, आता चालली न् कमोड कशाला? मी म्हणालो, माझे गुडघे दुखतात. धुळा व्हय व्हय म्हणाला आणि त्याने हिच्याकडे बघितलं. मला असलं बघणं आवडत नाही.

सिमेंट वाळायला पाच-सहा दिवस लागतील. म्हणजे वापर एकोणीसपासून सुरू. बरोबर बसतंय.

१५ मे
कात्रिन दुपारभर फोनवर. पलीकडे क्षमाबाईंची मुलगी स्वानंदी, कात्रिनच्याच वयाची. दोघी खिदळत होत्या. सांगलीला कधी जाते असं झालंय, असं काहीतरी बोलली. तिकडच्या लोकांना वाईट वाटू नये म्हणून बोलावं लागतं. पोरगी समजूतदार आहे.

१७ मे
तिने बॅग भरली. मी हिला म्हणालो, बॅग भरणं वेगळं आणि जाणं वेगळं. ही म्हणाली, तुमी एकदा तोंडानं म्हना की ऱ्हा म्हनून. मी म्हणालो, विनंती खालून वर येते, वरून खाली ऑर्डर जाते. ही कणीक मळायला लागली.

१८ मे
रात्री पुरणपोळी. इंग्रजीत तीन पानी भाषण तयार केलं होतं. उभा राहिलो. डिअर कात्रिन म्हणालो. फोडणीतली मिरची जळली होती बहुतेक, ठसका लागला. ही म्हणाली, आवं बसा, जेवू द्या तिला. बसलो. भाषण क्लबच्या सांगलीतल्या निरोप समारंभात करीन. तिथे माइक असतो.

१९ मे, रविवार
गेली.
क्षमाबाईंचे यजमान वरदराव गाडी घेऊन आले होते. मीही गाडीत बसलो. घराची पाहणी करणं माझी जबाबदारी होती. पाहणी केली. लिफ्ट आहे, एसी आहे, स्वानंदीच्या खोलीत दुसरा पलंग आहे. दोष काढण्यासारखं काही सापडलं नाही. एसटीने परतलो.
कमोड वाळला आहे.

२२ मे
एसीने तिला सर्दी होणार आणि ती परत येणार. रोज फोनजवळ थांबतो. फोन चार्ज करण्यासाठी.

२६ मे, रविवार
भडंग आणायला सांगलीला गेलो. साताऱ्यातही मिळतं, पण ताजं सांगलीतच. भडंग घेऊन त्यांच्या घरी डोकावलो. कात्रिन धावत आली. सुभेदार आले, सुभेदार आले म्हणून सगळ्यांना सांगितलं. बरं वाटलं. मग चहा होताना तिने आत हाक मारली, बाबा, सुभेदारांना साखर कमी. वरदराव ओ म्हणाले.

वरदरावांना ती बाबा म्हणते. हिला आई म्हणते. मला सुभेदार म्हणते, कारण पहिल्या दिवशी तशी ऑर्डर मीच दिली होती. हुद्द्याचा मान वेगळाच असतो.
निरोप समारंभ कालच झाला म्हणे. मला कळवायचं राहून गेलं. ऋषिराज गडबडीत असतो.
एसटीत उभा राहून आलो. बसायला जागा होती, पण बसावंसं वाटलं नाही.

२ जून, रविवार
पुण्याला विमानतळावर जाताना गाडी आपल्या दारावरून नेणार, असं वरदरावांनी कबूल केलं होतं. प्लॅन: जेवण, भाषण, फोटो, सॅल्यूट. हिने पहाटेपासून भाकऱ्या थापल्या होत्या. घराचा पुढचा सोपा झाडून, सतरंजी अंथरून मी दहालाच कडक कपड्यांत तयार.

गाडी तीन तास उशिरा आली. हायवेवर ट्रॅफिक होतं. विमान चुकेल म्हणून वरदराव खाली उतरलेच नाहीत. कात्रिन बुटांसकट सोप्यात आली आणि सतरंजीवर बसली. हिने भाकरीचा घास तिच्या तोंडात घातला. मी भडंगाची पिशवी पुढे केली, ती घाईत फाटली, निम्मं भडंग खाली सांडलं. दोघी गळ्यात पडून रडल्या. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, येते सुभेदार. मी म्हणालो, कॅरी ऑन.


गाडी गेली. ही दारातून आत गेली. मी रस्त्यावर उभा राहिलो. धूळ खाली बसली तरी उभा होतो. आजवर प्रत्येक वेळी मी गाडीत होतो. गाडीत बसलेल्याला तिकीट असतं, सामान असतं, पुढचं स्टेशन असतं. रस्त्यावर राहिलेल्याने मग काय करायचं असतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

आत येऊन हिला म्हणालो, सोप्याची काय अवस्था झालीये, झाडून घे. ही न्हाई म्हणाली. माणूस वाटंला लागलं की मागं घर झाडत न्हाईत, पोचल्याचं कळंस्तवर केरसुनीला हात लावायचा न्हाई. हे कधीपासून, मी विचारलं. म्हणाली, लगीन झाल्यावर तुमी पयल्यांदा गेला तवापासनं.

तेव्हा तर फोन नव्हता. पत्र यायला पंधरा-पंधरा दिवस लागायचे. लेहला असताना एकदा महिना गेला होता. तेव्हा काय करायचीस, विचारलं. ही म्हणाली, काय करनार, तसाच ठेवायची सोपा. सासूबाई लय बोलायच्या. आल्या-गेल्या बायका नाकं मुरडायच्या. पत्र आलं की झाडायची.

मी सुट्टीवर यायचो तेव्हा सोपा लख्ख असायचा. मी इन्स्पेक्शन करून पास करायचो.

४ जून, मंगळवार
निवडणुकीचा निकाल. सगळं गाव टीव्हीपुढे. मी फोनपुढे.
सकाळी कात्रिनचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. आई, मी पोचले, लय थंडी हाय, सुभेदारांना सांगा. हिने तो तीनदा ऐकला. मी शेजारीच होतो, पण मला सांगायचं म्हणून हिने पुन्हा तोंडी सांगितलं.

मग ही उठली आणि केरसुणी घेऊन सोप्यात आली. सतरंजी तशीच होती. भडंगाला मुंग्या लागल्या होत्या, दारापासून आतपर्यंत बुटांचे ठसे. मी म्हणालो, आजच्या दिवस राहू दे.
हिने माझ्याकडे बघितलं. केरसुणी दाराआड ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसली.