पुढचा शब्द

अप्पा,

आज नारळ खवताना हात मधेच थांबला, म्हणून लिहायला बसले. खवणी तीच आहे, स्वयंपाकघरही तेच. पलीकडच्या खोलीत तुम्ही विद्यार्थ्यांना वेदांची संथा द्यायचात. एकदा तुम्ही म्हणायचं, दोनदा त्यांनी. मी इथं बसून ऐकत असे. आठ-नऊ वर्षांची असताना एक थोराड विद्यार्थी एकाच जागी तिसऱ्यांदा अडला, आणि मी इथूनच पुढचा शब्द मोठ्याने सांगून टाकला. केवढी ऐट होती मला. तुम्ही उठून दारात आलात, पण ओरडला नाहीत. "तू सांगितलास, म्हणजे तो शब्द तुझा झाला. आता त्याला कधी सापडायचा?" एवढंच म्हणालात आणि परत जाऊन बसलात. कुणी अडलं की तुम्ही फक्त बोट उचलायचात आणि वाट बघायचात, कितीही वेळ.

पुढे मी मेंदूचं शास्त्र शिकले, विद्यापीठात शिकवू लागले, तेव्हा दशाश्वमेधाच्या घाटावर भेटेल त्याला तुम्ही लेकीचं हे कौतुक सांगत होतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ती नोकरी सोडली आणि मैत्रिणीबरोबर नदीपलीकडे रामनगरला साड्यांच्या खोक्यांचा कारखाना काढला. तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. खरं म्हणजे वर्षानुवर्षं तीच टिपणं वाचून दाखवायचा मला वीट आला होता. जेवताना एकदाच म्हणालात, "मेंदू शिकवणारी बाई आता पुठ्ठे दुमडणार." चेष्टेने म्हणालात की रागाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच थंडीत तुम्हाला अर्धांगाचा झटका आला, आणि जन्मभर शब्द सांभाळलेल्या माणसाचे शब्द अडायला लागले.

तुम्ही गेल्यावर चार-पाच वर्षं खोकी केली. पण माझं लक्ष पुठ्ठ्यापेक्षा माणसांकडेच जास्त. हा कारागीर रोज त्याच घडीला का चुकतो, यातच मी गुंतून पडायची. शेवटी कारखाना मैत्रिणीवर सोपवला आणि तुमच्या संथेच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या. एका वेळी एकच माणूस. त्याची न सुटणारी सवय किंवा भीती, आणि मेंदूबद्दल मला ठाऊक असलेलं थोडंफार. या कामाला म्हणायचं काय, हे मलाच नीट सांगता येईना. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पत्रिका बघतेस का गं?" मग पाटी लावलीच नाही.

एकदा दशाश्वमेधावरचे एक गुरुजी आले, आपलेच मराठी. कुणी बघणार नाही अशा भर दुपारी आले. म्हणाले, "ताई, वीस साल झाले संकल्प सांगतोय. आता मधेच गला अटकतो. यजमान लोक तोंडाकडे बघत बसतात. हे असंच चाललं तर घाट सोडावा लागेल." पहिल्या दिवशी ते अडले तेव्हा मी चटकन पुढचा शब्द दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. तिसऱ्या दिवशी ते अडायच्या आधीच माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही दारात येऊन उभे आहात असं वाटलं. मी बोट उचललं आणि गप्प बसले. किती वेळ गेला कोण जाणे. मग शब्द आला, त्यांचा त्यांना. ते गेल्यावर मला हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि घरात कुणी नव्हतं. दिवसभर लोक माझ्याशी बोलतात, अप्पा, आणि संध्याकाळी मी एकटीपुरता भात लावते. फार एकटं वाटतं.

त्या दिवसापासून तुमच्या शेवटच्या आठवड्यातली एक दुपार डोक्यातून जात नाही. तुम्ही पलंगावर आहात, मी उशाशी. माझ्याकडे बघत तुम्ही म्हणता, "तू नोकरी सोडलीस, ते..." आणि अडता. ओठ हलत राहतात. मला फक्त थांबायचं आहे. मी म्हणते, "पाणी हवंय?" आणि उठून जाते. मी आणलेलं पाणी तुम्ही मुकाट्याने पिता आणि डोळे मिटता.

हे पत्र कुठं टाकणार? खवणीमागच्या डब्यात राहील. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले, की ती घाई काळजीपोटी झाली. तुम्हाला पाणी नको होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. पुढचा शब्द ऐकायची भीती वाटली मला.