आबांचा माळ आणि तुझा वड

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, आबांच्या खड्ड्यावर वड लावायला येतोस का न्हाई, आणि मी नुसतं बघू म्हणालो. तू चिडलीस. आबांची रक्षा नदीत न सोडता माळावर खड्ड्यात ठेवली, उन्हाळ्यात रोप जगायचं नाही म्हणून पावसाळ्यात झाड लावायचं ठरलं, हे मी विसरलो नाही. तू दिंद्रुडला परसात तेलाच्या डब्यात वड वाढवतेयस, तेही माहीत आहे. उत्तर द्यायचंय, पण फोनवर जमेना. मला सरळ सांगता येत नाही. शाळेत गायीवरचा निबंध मी मामाच्या मोटारसायकलवर नेऊन संपवला होता.

तेराव्यानंतर मी नांदूरघाटहून निघालो तो लातूरला, कामाला. पण गाडी चुकली आणि मेंढ्यांच्या टेम्पोत बसलो. टेम्पोवाला राम म्हणाला, मी सोलापूरकडं चाललोय, माळढोकाच्या अभयारण्याजवळून. झालं, लातूर राहिलं. आबा सांगायचे ते आठवतं का? माझ्या ल्हानपणी आपल्या माळावर ढोक यायचा, बकरीएवढं पाखरू, पाटलासारखं मान वर करून चालायचं, घाई म्हणून न्हाई. छबुबाई काकू तोंडावर विचारायच्या, राधाकिशनभाऊ, बकरीएवढं पाखरू, मग अंडं काय नारळाएवढं का? आपण पोट धरून हसायचो. आबा रागवायचे नाहीत. आपल्याला जेवायला बोलवायची त्यांची तऱ्हाही तशीच. नावानं हाक नाही. दारात उभं राहून गाल फुगवायचे आणि छातीतून घुमवायचे, हुंऽऽम. पोरं चिडवायची, जावा, तुमचा रेडा बोलावतोय. लई लाज वाटायची.

तर अभयारण्यात तानाजीमामा म्हणून राखणदार भेटले. पहिला प्रश्न, कुठला बे तू, आणि तोंड कावून उतरलंय? बीडचा म्हटल्यावर चहा टाकला. मी विचारलं, ढोक दिसंल का? म्हणाले, दिसंल त्याचं नशीब. शेवटचा कवा दिसला ते मला इचारू नको, दरवेळी मी येगळंच साल सांगतो. मध्येच एक खोकड पळालं म्हणून मी त्याच्यामागं गेलो, चप्पल तुटली, परत आलो तर चहा गार. मामांनी शिव्या घालून पुन्हा ठेवला.

मग मी विचारतच सुटलो. ढोक टोळ खातो, किडे खातो, ज्वारीचे दाणे टिपतो. घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, शेळ्यामेंढ्यांच्या खुराखाली गेलं तर गेलं. आधी बंदुकवाल्यांनी मारला. मग कालवे आले, माळ फोडून ऊस लागला. आता विजेच्या तारा. जडशीळ पाखरू, समोरचं नीट दिसत नाही, उडता उडता तारेवर आदळतं. मी फुशारकीनं सांगितलं, आमच्या गावानं मात्र माळ हिरवागार केलाय, गिरीपुष्पाच्या झाडांची रांगच्या रांग लावलीय. मामांनी समोरच्या उघड्या रानाकडं बोट केलं. मग म्हणाले, बाबा, त्याला उघडं रान लागतं, लांबवरचं दिसलं पाहिजे. झाडं दाटली की ते तिथं उतरत न्हाई. गवताला समदे ओसाड म्हणत्यात, पर त्येचं घर तेच.

ताई, त्या झाडांचा पहिला खड्डा आबांनी खणला होता. फेटा बांधून, फोटो काढून. आणि नंतर रोज संध्याकाळी त्याच झाडांखाली बसून वाट बघायचे. तुलाच विचारायचे, प्रिया, ढोक आता कावून येत न्हाई गं? चांगलंच करायला गेले होते. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

निघताना मी उगाच विचारलं, ओरडतो कसा हो तो? मामांनी कप खाली ठेवला. नर मादीला बोलावतो तवा गळा फुगवतो, म्हणाले, आणि स्वतःचे गाल फुगवले. हुंऽऽम. मी जागचा उठून उभा राहिलो, ताई. जेवायला बोलावल्यासारखा.

म्हणून हे पत्र. आबांचा ढोक म्हणजे थाप नव्हती. आबांनी तो ऐकला होता, आणि जन्मभर आपल्याला त्याच्याच आवाजात घरी बोलावलं. तर वड माळावर नको लावूस. तुझ्या दारात लाव, तिथं सावलीला पोरं खेळतील. आबांच्या खड्ड्यावर गवत येऊ दे, कुसळाचं, पवन्याचं, येईल ते. ढोक परत येईल असं मी म्हणत नाही, मामाही म्हणत नाहीत. गाव म्हणेल, पोरांना बापासाठी एक झाड लावता आलं न्हाई. ती बोलणी तुलाच खावी लागतील, मी काय, आज इथं उद्या तिथं. म्हणून तुझ्यावर सोडतो. हो म्हणालीस तर मी लगेच येतो. दोघं उघड्या माळावर बसू आणि मी गाल फुगवून बघीन. तू हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

हाकेला अजून उठणारा,
तुझाच सुरज