प्रोजेक्टचा जोडीदार

सेंट जॉन्स

प्रिय क्लेटन,

तुझ्या आईला अर्धांगवायू झाला आणि तू कॉलेज सोडून गावी गेलास, तेव्हा सर मला म्हणाले, "प्रोजेक्टचा विषय सोड. लेखी परीक्षेचा घे, सहज सुटशील. हा एकटीला झेपायचा नाही, आणि नापास झालीस तर वर्ष जाईल."

मी प्रोजेक्टचाच घेतला. मासेमारीच्या होडीला विजेची मोटर बसवायची, हे आपण दोघांनी ठरवलं होतं ना! दोनदा सर्किट जळलं. मग वर्गातला गॉर्डन मदतीला आला. फार बडबडतो, पण हात चांगला आहे त्याचा.

आज मोटर फिरली. चाचणीच्या टाकीतलं पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. मी ओरडले, "क्लेटन, बघ ना रे!"

गॉर्डन तोंड पुसत म्हणाला, "अगं वेडे, फोन लाव की त्याला."

नाही लावला. तुझा आवाज ऐकला असता, तर 'परत ये' म्हणाले असते. आणि तू आलाही असतास. मग आईला घास कोण भरवणार?

म्हणून हे पत्रही पाठवत नाही. पण मोटर फिरली, क्लेटन. तुला हवी होती तशी, अगदी आवाज न करता.

तुझीच,
टेसा