चौथ्या रांगेतली तुझी खुर्ची

प्रिय बारके,

सगळ्यात आधी आपल्या पुरस्कारांच्या पैजेचा निकाल. दहापैकी नऊ माझे बरोबर, तुझे सहा. तेव्हा अटीप्रमाणे पुढचं वर्षभर माझ्या वजनाबद्दल, घोरण्याबद्दल आणि चष्म्याच्या दोरीबद्दल तू एक अक्षर काढायचं नाहीस. तू परीक्षणं वाचून अंदाज बांधतेस आणि तिथेच फसतेस. मी एकही सिनेमा न बघता जिंकते, आणि कशी ते आज सांगूनच टाकते, कारण आज सगळंच सांगायच्या बेतात बसले आहे. या वर्षी नामांकन मिळालेल्यांचे चौदा पोशाख माझ्याकडे शिवायला होते. जिला जिंकायची खात्री असते ती शेवटच्या फिटिंगला, अगदी सहज सुचल्यासारखं दाखवत, घेर दोन बोटं वर घ्यायला सांगते. पायऱ्या चढताना पायात येऊ नये म्हणून. जिला नुसते फोटो काढून घ्यायचे असतात ती जमिनीवर लोळणारा घेर मागते. पुरुषांचं त्याहून सोपं. भाषणाचा कागद ठेवायला कोटाला आतून खिसा हवा म्हणाला की समजावं, याच्या कानावर काहीतरी आलंय. माझा जो एक अंदाज चुकला त्या बाईने घेर चक्क चार बोटं वर घेतला होता. बिचारी घोटे दाखवत शेवटपर्यंत खुर्चीत बसून राहिली.

मी बरी आहे. उगाच लिहायचं म्हणून नाही, खरोखर बरी आहे. परवा दुपारी जेवून जरा आडवी झाले ती दिवे लागल्यावर उठले. शिवणघरातल्या बायका दोनदा डोकावून गेल्या म्हणे, ही जिवंत आहे ना बघायला. दुपारची अशी झोप मला चार वर्षांत लागली नव्हती.

यंदा सगळ्या बायकांनी काळं घालायचं ठरवलं ते तू पेपरात वाचलंच असशील. त्या नट्यांची केशरचना करणाऱ्या मुलीने निर्मात्याविरुद्ध तक्रार केली, तिला कामावरून काढलं, आणि मग नट्यांनी ठरवलं की सोहळ्याला एकजात काळ्या कपड्यांत यायचं. ठरवलं त्यांनी, डोळे फुटले आमचे. समारंभाला नऊ दिवस राहिले असताना पिस्ता, गुलाबी, सोनेरी असे तयार होत आलेले पोशाख बाजूला ठेवून सगळं नव्याने. आणि काळं शिवणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. टीप दिसत नाही, चूक दिसत नाही, उसवायचं कुठून ते दिसत नाही. शिवाय काळं कधी एक नसतं. दुकानात सगळं काळंच वाटतं, दिव्याखाली आणलं की एक निळसर, एक तपकिरी, एक मेलं हिरवट. सहाजणींच्या बोटांना सुया टोचून टोचून चाळण झाली. पण कुणी कुरकुरलं नाही. काजं-बटणं करणारी तर म्हणाली की आपण सव्वीस वर्षं पडद्यामागे काळं घालतो ते आपण कुणाला दिसू नये म्हणून, या एकदा दिसावं म्हणून घालतायत, तर घालू देत.

त्याच आठवड्यात त्याचा कोट शिवायला आला. त्याचं नाव मी लिहीत नाही, आपल्या घरात ते चार वर्षं कुणी घेतलेलं नाही. उत्तम दिग्दर्शकासाठी सगळ्यांच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं, तुझ्याही होतं, आणि ते लिहिताना तुझा हात कसा चालला असेल याचा मी विचार करत राहिले. आत खिसा हवा होता आणि वर छातीवर काळी फीत. बायकांना पाठिंबा म्हणून. तुझी तक्रार साक्षीदार नाही म्हणून बंद झाली, म्हणजे कागदोपत्री तो धुतल्या तांदळासारखा. तो फीत लावू शकतो. तू त्याच्या सेटवर सहायक म्हणून गेली होतीस, तिथलं कपड्यांचं काम माझ्याकडेच होतं, कपड्यांच्या खोलीत त्याने दार लावून घेतलं, तू बाहेर आलीस आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार समितीकडे गेलीस, त्यांनी तुझं ऐकलं, त्याचं ऐकलं, तिसरं कुणी आहे का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर फाइल बांधून ठेवली. तू परगावी जाऊन पोरांना चित्रकला शिकवायला लागलीस. मी त्याचे कोट शिवत राहिले. त्यावरही तू कधी बोलली नाहीस. उलट मलाच समजावलंस, ताई, सहा घरं त्या शिवणघरावर चालतात, तू काम सोडू नकोस. मी ती फीत लावली. सहा टाके घातले.

समारंभाच्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे विंगेत, हातात सुईदोरा, खांद्यावर टेप. पहिल्या रांगेतल्या एकीचा पट्टा तुटला म्हणून धावत प्रेक्षागृहात गेले, तिचं काम केलं आणि परत फिरले तर दिवे मंदावले. तिथे जागा दाखवणाऱ्या मुली असतात, त्यांना एकच हुकूम असतो, कॅमेरा सुरू झाला की एकही खुर्ची रिकामी दिसता कामा नये. एरवी त्यांनी मला ओळखलं असतं. काळ्या कपड्यातली बाई म्हणजे कामवाली, हा तिथला नियमच. पण त्या दिवशी सगळंच काळं. मुलीने माझा दंड धरला आणि चौथ्या रांगेत एक रिकामी खुर्ची होती तिच्यात मला बसवून टाकलं. मी काही म्हणणार तेवढ्यात कॅमेरा फिरला. टेप खांद्यावरून ओढून मांडीखाली दडपली आणि बसले गुपचूप.

शेजारी ती केशरचना करणारी मुलगी होती. तिने माझा हात हातात घेतला आणि मला तुझ्या नावाने हाक मारली. तेव्हा मान वळवून पाहिलं तर खुर्चीच्या पाठीवर तुझ्या नावाची चिठ्ठी. ती रांग तक्रार करणाऱ्यांची होती. तुला बोलावणं होतं आणि तू मला सांगितलंही नव्हतंस. ती हळू आवाजात सांगत होती की समितीकडे जायच्या आदल्या दिवशी कुणीतरी तिला तुझी गोष्ट सांगितली. एकही साक्षीदार नसताना एक मुलगी तिथे जाऊन बसली, मग आपण का घाबरायचं, असं तिला वाटलं म्हणे. हा निरोप तुझा आहे, चुकून माझ्याकडे आला, तो पोचवते. मी ती नव्हे, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मग तिने विचारलं, तुम्हाला खरंच एकही साक्षीदार मिळाला नाही का हो? मी मान हलवली. कुठल्या बाजूने हलवली ते मलाही सांगता येणार नाही.

आणि तो जिंकला. पायऱ्या चढून गेला, आतल्या खिशातून कागद काढला. लाज वाटते पण लिहिते, माझं पहिलं लक्ष गेलं ते कोटाच्या डाव्या खांद्याकडे, आणि मनात आलं, छान बसलाय. सवयीने हात टाळीसाठी वर गेले. आमच्या रांगेत कुणीच टाळी वाजवत नव्हतं. त्या मुलीने माझे दोन्ही हात अलगद खाली घेतले आणि तसेच धरून ठेवले. तिला वाटलं, ती तुझे हात धरते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी शिवणघरात सगळ्यांना एकत्र बसवलं आणि सांगितलं की त्याचं काम आता येणार नाही, कदाचित बाकीच्यांचंही येणार नाही, आणि का ते सांगितलं. मग काजं-बटणंवाली म्हणाली, शिवण आपल्या हातात आहे, त्याच्या घरात नाही, तुम्ही जाऊन या. मी समितीच्या कचेरीत गेले. दोन टेबलं, एक पंखा, पाण्याचा ग्लास झाकायला बशी. तुझी फाइल शोधायला त्यांना पाऊण तास लागला. मी बसून राहिले.

बारके, त्या दिवशी मी सेटवरून अस्तर आणायला बाजारात गेले होते असं तुला सांगितलं होतं. गेले होते. पण लवकर परतले होते. कपड्यांच्या खोलीला लागून असलेल्या इस्त्रीच्या खोलीत होते, मधे फक्त प्लायवूडची भिंत. तू तीनदा म्हणालीस, दार उघडा. मी तिन्ही वेळा ऐकलं. माझा हात मधल्या दाराच्या कडीवर होता आणि मी ती काढली नाही. आत गेले तर मला कळलंय हे त्याला कळेल, मग काम जाईल, सहाजणींचं जाईल, असं काय काय त्या क्षणी डोक्यात आलं, पण खरं कारण एकच, मी घाबरले. तू धावत बाहेर पडलीस तशी मी मागच्या दाराने निघाले आणि अर्ध्या तासाने अस्तराचं पुडकं काखेत घेऊन परत आले. तुला विचारलं, डोळे का गं लाल? तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, ताई, तू असतीस तर असं झालंच नसतं.

हे सगळं मी त्यांना लिहून दिलं आहे, वेळेसकट, कडीसकट, सही करून. लिहून घेणाऱ्या बाईने विचारलं, साक्षीदाराचं तक्रारदाराशी नातं? मी म्हटलं, सख्खी बहीण. तिचं पेन थांबलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग लिहिलं. पुढच्या आठवड्यात तुला त्यांचं पत्र येईल, जबानीच्या प्रतीसकट. ते शिक्का मारलेल्या कागदावर तुला पहिल्यांदा वाचायला लागू नये म्हणून मी चार दिवस मागून घेतले आणि हे लिहायला बसले. मला हलकं वाटतंय, पण त्यासाठी तू मला माफ करावंस असं नाही. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, माझ्याकडे उतरू नकोस, समोर आले तरी बघू नकोस. पण सुनावणी सव्वीस तारखेला सकाळी अकराला आहे, तिला ये. तिसरं कुणी आहे का, असं ते परत विचारतील. या वेळी आहे.

तू मानशील तोवर तुझीच,
ताई