बाईंची तक्रार आईकडे

दि. ३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
मुंगीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनाने ऐकतेस, म्हणून सविस्तर लिहिते. मुलांच्या शाळेच्या छताला तडा गेलाय. मुलं सुखरूप आहेत, हे आधी वाच आणि मग बाकीचं. दुरुस्ती होईपर्यंत आईबापांनी घरीच शिकवावं, असं मुख्याध्यापिकांनी आम्हाला अंगणात उभं करून सांगितलं. ह्यांचा दिवस लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात वरखाली जातो, म्हणजे शाळा माझ्याच गळ्यात.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ. मी शिलाई मशीनवर आणि धाकटा ढब्बू मशीनखाली. त्याला पाढे विचारता विचारता एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय मी दोनदा आखूड केला. भला माणूस. म्हणाला, आता हाफ पँटच करून टाका.

मग मी शिस्त लावली. सकाळी ताटलीवर डाव वाजवला की शाळा भरली. दोघांनी युनिफॉर्म घालायचा, आणि शाळा सुटेपर्यंत मला आई नाही, बाई म्हणायचं. मीही गळ्यातली मापाची टेप काढून ठेवते आणि चष्मा लावते. काय सांगू तुला, दोघं हाताची घडी घालून बसतात.

मोठीच्या वाचनाची मला काळजी नाही. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, दिसेल ते ती मोठ्याने वाचते. संध्याकाळी मी काजं-बटणं करते आणि ती मला गोष्ट वाचून दाखवते. तेवढ्यासाठी मी दिवसभर मशीन हाणते म्हण ना.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
मुंगी


दि. ८ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
मावशीचे अ. आ.

तुझं पत्र जिन्यात बसूनच वाचलं. एकटीच हसत होते, तर पोस्टमन अर्ध्या वाटेतून परत येऊन बघून गेला, म्हातारीला काही झालं की काय. हाताची घडी घातलेला ढब्बू मला काही केल्या डोळ्यांपुढे आणता येईना.

तुमच्या शाळेचा हेवा वाटतो बघ. माझी शाळा म्हणजे दवाखान्याचं धुलाईघर. चादरींच्या कोपऱ्यात वॉर्डांची नावं छापलेली असत, ती जुळवत जुळवत मला वाचता यायला लागलं. जोडाक्षरवाला शब्द तेवढा एकच येत होता, प्रसूती. त्यामुळे जोडाक्षर दिसलं की मी बिनधास्त प्रसूती वाचायची. साहेबांच्या दारावरची पाटीसुद्धा. पण टोकायला कोणी नव्हतं, म्हणून गाडी पुढे गेली.

बाईंना माझा नमस्कार सांग. फार कडक आहेत का, तेही कळव. कडक माणसांशी मी जपून असते.

घरात सगळ्यांना माझी माया वाटून दे, आणि कमी पडली तर निःसंकोच माग.
तुझी,
मावशी


दि. १७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बाई कडक आहेत. तू गमतीने विचारलंस, पण उत्तर खरं आहे.

काल शाळा सुटली, मी चष्मा काढून चहा ठेवला. ढब्बू आला, माझ्या कमरेला मिठी मारून हळूच म्हणाला की, आई, आमच्या बाई फार रागावतात, तू एकदा शाळेत येऊन त्यांना सांग ना. मी हसले, पण त्याचा चेहरा काही गमतीचा नव्हता. माझं हसू तिथेच राहिलं.

मोठी तर तक्रारही करत नाही. शाळा सुटल्यावरसुद्धा पाणी प्यायला परवानगी मागते. आणि तिने वाचणं बंद केलंय, मावशी. ती घाईत वाचते, स्वल्पविराम गिळते, म्हणून मी वर्गात दर चुकीला पट्टीने टेबलावर टक् करत होते. तिच्या भल्यासाठीच. आता संध्याकाळी पुस्तक पुढे केलं की घसा दुखतो म्हणते. आज दोघी बाजारात जाऊन आलो, एकाही पाटीचा आवाज आला नाही.

पाढे काय, मागेपुढे येतील. पण मी माझ्याच हाताने तिचं वाचणं उसवून ठेवलं असेल, तर ते कुठल्या दोऱ्याने शिवू? ह्यांना विचारलं. म्हणाले, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला आधी धीर द्यायचा, दार नंतर उघडायचं. आणि पुढचं सांगायच्या आत झोपी गेले.

लवकर लिही. तुझ्या मायेचा साठा मागायची वेळ आली आहे.
मुंगी


दि. २१ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. आ.

तुझ्या नवऱ्याचं अर्धं बोलणं मला पूर्ण पटलं.

अगं, रडतेस काय. बाईंचा त्रास झाला की आईकडे जायचं, हे त्या पोराला बरोबर ठाऊक आहे. म्हणजे आई अजून जागेवर आहे. मग तिने आईचं काम करावं. सरळ शाळेत जा आणि बाईंना चार शब्द सुनाव. माझं विचारशील तर कामावरूनच काढून टाक. पण मुलांच्या देखत. लाज वाटली तरी मुलांच्या देखतच.

मोठीला मात्र वाच म्हणू नकोस. तू आपली शिवत बस. सोबत ढब्बूच्या नावाने चिठ्ठी आहे, माझ्या धुलाईघरातल्या वाचनाची, ती तू वाचून द्यायची नाहीस. माझं अक्षर म्हणजे वाऱ्यावर वाळत घातलेले कपडे, त्याला काही ते लागायचं नाही. तेव्हा काय होतं ते बघ.

उत्तराची वाट जिन्यातच बघते आहे.
मावशी


दि. २८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बाईंना काढलं.

शाळा भरवली, चष्मा काढून बाईंच्या खुर्चीवर ठेवला, बाहेर गेले आणि कडी वाजवून आई म्हणून आत आले. मग त्या चष्म्याला जे फैलावर घेतलं! उठसूट मुलीला अडवता, पट्टी आपटता, शोभतं का तुम्हाला, वगैरे. ढब्बू मागून सांगत होता की पाण्याचंही सांग. पाण्याचंही सांगितलं. तेवढ्यात हाफ पँटवालं गिऱ्हाईक दारात. चष्म्याशी भांडणारी शिंपीण पाहून म्हणालं, मी नंतर येतो. तेव्हा मोठी फिसकन हसली. किती दिवसांनी.

संध्याकाळी ढब्बू तुझी चिठ्ठी नाचवत आला. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, मी नुसती मान हलवली. तो बिचारा दुसऱ्याच शब्दावर अडकला. अडखळत तिथेच घुटमळत राहिला. शेवटी मोठीला राहवेना. मावशीआजीची वाट लावतोस, म्हणत तिने चिठ्ठी ओढून घेतली आणि एका दमात वाचून काढली, सगळे स्वल्पविराम गिळून. साहेबांच्या पाटीपाशी आली आणि दोघं जमिनीवर लोळायला लागली. मी मशीनवरचा पाय उचलून धरला होता, आवाज नको म्हणून.

चुका झाल्या असतील दोन-चार. पण तोंडात टाचण्या होत्या, ते फार बरं झालं.

खाली मोठी स्वतः लिहिते आहे. मला बघू देत नाही.
तुझी,
मुंगी


ती. मावशीआजीस,
सा. न.

बाई गेल्यावर भूगोल कोणी शिकवेना, म्हणून आम्ही त्यांना परत ठेवलं. पट्टी आणायची नाही आणि गळ्यातली टेप काढायची नाही, अशा अटी आहेत. टेप असली की त्या आई आहेत हे त्यांच्याही लक्षात राहतं. तुझं अक्षर फार वाईट आहे. तरी चिठ्ठ्या पाठवत जा आणि लांबलचक पाठव. आईच्या तोंडात रोज टाचण्या असतात, म्हणून मलाच वाचावं लागतं.

तुझी,
मोठी